एक्झोम निगेटिव्ह, पण आजार पिढ्यान्‌पिढ्या: किडनीच्या आनुवंशिक आजारात पुढे काय तपासावं?

प्रश्न: अनुवंशी

एका अभ्यासातल्या दोन कुटुंबांचे एक्झोम (प्रथिनं घडवणाऱ्या सगळ्या जनुक-भागांचं सिक्वेन्सिंग) अहवाल 'कारण सापडलं नाही' असे आले आहेत. आजार मात्र दोन्हीकडे एकही पिढी न चुकवता उतरतोय.

कुटुंब अ: दोन्ही किडन्या मोठ्या आणि सिस्टनी भरलेल्या. चार रुग्ण, चौघांनाही पस्तिशीच्या आत रक्तदाब. चित्र एडीपीकेडीचं (एकाच सदोष प्रतीने उतरणारा, किडन्यांत सिस्ट करणारा आजार), पण अहवालात त्याची मुख्य जनुकं पीकेडी१ आणि पीकेडी२ दोन्ही कोरी.

कुटुंब ब: किडन्या सामान्य किंवा जरा लहान. लघवीत प्रथिनं नाहीत, रक्त नाही. क्रिएटिनिन हळूहळू वर सरकत जातं. डायलिसिस एकाला ३५ व्या वर्षी, दुसऱ्याला ६२ व्या. बायॉप्सीत फक्त नलिका आक्रसलेल्या आणि भोवती फायब्रोसिस.

एक्झोमची सरासरी खोली १०० पट आहे (प्रत्येक जागा सरासरी १०० वेळा वाचलेली). ईडीटीए रक्तातून काढलेला डीएनए शिल्लक आहे. थेट पूर्ण जीनोम करावा की आधी काही स्वस्तातलं उरकून घ्यावं?

---

बेसपेअर

नवीन काही करण्याआधी असलेली बॅम फाइल (जीनोमवर जागा दिलेले रीड, म्हणजे वाचलेले डीएनए तुकडे) आयजीव्ही या बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पीकेडी१ वर जा. एक्झॉन (जनुकातले प्रथिन घडवणारे भाग) ३४ ते ४६ मध्ये रीड भरीव रंगात दिसतील. १ ते ३३ मध्ये बरेचसे पोकळ, पांढरट दिसतील. हे पांढरे म्हणजे मॅपिंग क्वालिटी शून्य असलेले रीड. अलाइनरला (रीडना जागा देणाऱ्या प्रोग्रामला) ते नेमके कुठले हे ठरवता आलेलं नाही, आणि व्हेरियंट कॉलर (बदल शोधणारा प्रोग्राम) त्यांच्याकडे बघतही नाही. खोली १०० पट दिसते, पण त्यातलं कॉलरच्या हाती किती लागतं ते बघा.

कारण असं की पीकेडी१ च्या ४६ पैकी पहिल्या ३३ एक्झॉनची जवळजवळ हुबेहूब नक्कल १६ व्याच गुणसूत्रावर सहा स्यूडोजीनमध्ये (निकामी जनुक-नकलांमध्ये) बसली आहे. एक्झोमचे कॅप्चर प्रोब खऱ्या जनुकासोबत त्यांनाही ओढून आणतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी घोळ होतो. खरा हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीतला) बदल ५०% ऐवजी १०-२०% रीडमध्ये दिसतो आणि फिल्टरमध्ये गळतो. उलट स्यूडोजीनमधला निरुपद्रवी स्टॉप कोडॉन पीकेडी१ वर येऊन बसतो आणि सनसनाटी 'निदान' तयार होतं.

फुकटातला उपाय: रेफरन्समधले सहाही स्यूडोजीन मास्क करा, त्या भागातले सगळे रीड एकट्या पीकेडी१ वर पुन्हा अलाइन करा आणि प्लॉइडी १४ ठेवून कॉल करा (सात जागा, प्रत्येकीच्या दोन प्रती). एका प्रतीतला बदल साधारण ७% च्या आसपास दिसायला हवा. जिथे स्यूडोजीन मुळातच वेगळे आहेत त्या ठरलेल्या जागा यादीतून वजा करा. उरतील ते फक्त संशयित, निदान नव्हे.

पीकेडी२ मध्ये ही भानगड नाही. तिथला कोरा अहवाल बऱ्यापैकी विश्वासार्ह धरा, मोठं डिलीशन (गळालेला भाग) तेवढं वेगळं बघावं लागेल.

---

नेफ्रॉनपंत

बेसपेअर यांच्याशी सहमत. कुटुंब अ मध्ये माझी पैज पीकेडी१ वरच. एडीपीकेडीची तीन चतुर्थांशाहून जास्त कुटुंबं त्यातच निघतात, पीकेडी२ साधारण १५%. गॅनॅब किंवा आयएफटी१४० या जनुकांमध्ये आजार सहसा सौम्य असतो, डीएनएजेबी११ मध्ये किडन्या फारशा वाढत नाहीत. तुमचं वर्णन यांपैकी कशातच बसत नाही.

आता प्रयोगशाळेतलं काम, म्हणजे लाँग रेंज पीसीआर (डीएनएच्या लांब तुकड्यांच्या प्रती वाढवणं). नकललेला भाग २ ते ६ केबीच्या (हजार बेसच्या), एकमेकांवर थोड्या चढणाऱ्या तुकड्यांत वाढवायचा आणि मग ते तुकडे सिक्वेन्स करायचे. सगळी भिस्त प्रायमरवर (जिथून प्रत बनायला सुरुवात होते त्या छोट्या तुकड्यावर). प्रायमरचं ३' टोक अशाच बेसवर हवं जो फक्त पीकेडी१ मध्ये आहे आणि सहाही नकलांमध्ये वेगळा आहे.

कुठे फसतं ते सांगतो.

डीएनए तुटलेला असला तर मोठे तुकडे येतच नाहीत. आधी अगरोज जेलवर बघा: २० केबीच्या वर घट्ट पट्टा हवा, खाली घसरत गेलेला धूर नको. व्हॉर्टेक्स टाळा, पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा. हेपॅरिनच्या नळीतलं रक्त असेल तर पीसीआर अडतो. तुमचं ईडीटीए आहे, उत्तम.

एक्झॉन १ मध्ये जी-सी प्रमाण प्रचंड आहे. साध्या मिश्रणात तो येत नाही. डीएमएसओ ५% किंवा बीटेन घालावं लागतं. अनेक अहवालांत हा एक्झॉन गुपचूप वगळलेला असतो, म्हणून 'संपूर्ण पीकेडी१ तपासलं' या वाक्यावर जाऊ नका, एक्झॉनवार खोलीचा तक्ता मागा.

सायकल ३० च्या आत ठेवा. त्यापुढे अर्धवट बनलेली साखळी पुढच्या फेरीत स्यूडोजीनवर जाऊन चिकटते आणि दोघांची खिचडी असलेला तुकडा तयार होतो. ओळखायची खूण: ज्या जागी पीकेडी१ आणि नकला हमखास वेगळ्या आहेत तिथे एकच बेस दिसायला हवा. दोन दिसले तर तो तुकडा फेकून द्या.

सगळ्यात फसवी गोष्ट अलील ड्रॉपआउट (अलील म्हणजे जनुकाची एक प्रत; ती निसटणं). प्रायमरच्याच जागी एका प्रतीत एखादा एसएनपी (एका बेसचा फरक) असला की ती प्रत वाढतच नाही, आणि नेमकी तीच सदोष असू शकते. सिक्वेन्स मात्र देखणा, स्वच्छ येतो. शेजारच्या तुकड्यांत हेटेरोझायगस जागा आहेत आणि मधल्या ४ केबीत एकही नाही, असं दिसलं की प्रायमर बदलून पुन्हा करा.

हे सगळं करूनही कोरं आलं तर एमएलपीए (गळालेले किंवा जादा भाग मोजणारी चाचणी). पीकेडी१ च्या अगदी शेजारी टीएससी२ हे जनुक आहे. दोन्ही एकत्र उडालेली असतील तर सिस्ट लहानपणीच दिसतात आणि सोबत ट्यूबरस स्क्लेरोसिसची लक्षणं असतात. तुमच्या कुटुंबात तसं दिसत नाही, पण लहान डिलीशन राहतंच.

---

हेन्लेची_कडी

वरच्या गडबडीत कुटुंब ब कडे कोणी बघितलंच नाही. हे वर्णन एडीटीकेडीचं (एकाच सदोष प्रतीने उतरणाऱ्या, नलिका आणि भोवतालच्या ऊतीच्या आजाराचं) आहे, आणि एक्झोम कोरा असणं हा तिथे एमयूसी१ या जनुकाच्या बाजूने जाणारा धागा आहे.

आधी बाकीची जनुकं झटपट बाजूला करा. यूएमओडी: तरुणपणी गाऊट, यूरिक अ‍ॅसिड वाढलेलं, त्याचं फ्रॅक्शनल एक्सक्रिशन (गाळलेल्यापैकी लघवीत जाणारा वाटा) ५% च्या खाली. त्यातले बदल एक्झोम नीट पकडतो. आरईएन: लहानपणीच अ‍ॅनिमिया, पोटॅशियम किंचित वर, रक्तदाब कमी. एचएनएफ१बी: मधुमेह, मॅग्नेशियम कमी, इथे जवळपास निम्म्या रुग्णांत अख्खं जनुकच उडालेलं असतं, त्यामुळे कॉपी नंबर न बघता दिलेला 'निगेटिव्ह' अर्धाच.

एमयूसी१ मध्ये ६० बेसचा एक तुकडा एकामागे एक २० ते १२५ वेळा येतो. प्रत्येक तुकड्यात सात सायटोसिनची एक रांग आहे. बहुतेक कुटुंबांत यांपैकी कुठल्या तरी एकाच रांगेत एक सायटोसिन जास्तीचा शिरलेला असतो: साताचे आठ. तेवढ्याने वाचन-चौकट सरकते आणि एक भलतंच प्रथिन तयार होऊन नलिकेच्या पेशीत साचत राहतं. १५० बेसचा रीड इथे दोन-अडीच तुकडे जेमतेम झाकतो; शंभर सारख्यांपैकी कुठल्यातला एक बेस वाढलाय हे त्याला कसं कळणार? म्हणूनच लिंकेजवरून (आजारासोबत गुणसूत्राचा कुठला भाग उतरतो त्यावरून) जागा माहीत असूनही हा बदल २०१३ पर्यंत हाती आला नव्हता.

तपासायची पद्धत हुशारीची आहे. एमडब्ल्यूओ-वन हे रिस्ट्रिक्शन एन्झाइम निरोगी तुकडा कापतं. सायटोसिन वाढला की कापायची जागाच नाहीशी होते. त्यामुळे आधी डीएनए कापायचा, न कापलं गेलेलं वाढवायचं, पुन्हा कापायचं आणि उरलेल्यावर सिंगल बेस एक्स्टेंशन (नेमका एक बेस जोडून तो ओळखणं) करायचं. पचन अर्धवट राहिलं तर निरोगी तुकडे उरतात आणि पार्श्वभूमीचा गोंगाट वाढतो, म्हणून प्रत्येक फेरीत एक पक्का पॉझिटिव्ह आणि एक पक्का निगेटिव्ह नमुना हवाच.

पण ही पद्धत या एकाच बदलासाठी जुळवलेली आहे. त्याच भागातले दुसरे फ्रेमशिफ्ट (वाचन-चौकट सरकवणारे बदल) तिला सहसा दिसत नाहीत. त्यासाठी लाँग रीड सिक्वेन्सिंग (लांब तुकडे सलग वाचणं), किंवा लघवीतल्या पेशींवर त्या बदललेल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा रंग. असलेल्या एक्झोमवर व्हीएनटायपर (याच भागातला बदल शोधणारा प्रोग्राम) चालवून बघायलाही हरकत नाही. पॉझिटिव्ह आलं तर वेगळ्या पद्धतीने खात्री करायची, निगेटिव्हला मात्र किंमत द्यायची नाही.

अवांतर: प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीतल्या पेशी दात्याच्या किडनीतल्या असू शकतात, तिथे ही रंगचाचणी नको. रक्त चालतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर मात्र रक्तही नको आणि लाळही नको, त्वचेच्या फायब्रोब्लास्टमधून डीएनए घ्या.

---

अनुवंशी

सर्वांचे आभार. पुन्हा अलाइन केल्यावर कुटुंब अ मध्ये एक्झॉन १५ मध्ये एक मिसेन्स (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारा बदल) दिसला, लाँग रेंज पीसीआरमध्ये तो ४८% रीडमध्ये आहे. नॉमअ‍ॅडमध्ये (लोकसंख्येत सापडणाऱ्या बदलांच्या डेटाबेसमध्ये) नाही. हा पॅथोजेनिक (आजार घडवणारा) म्हणावा का? कुटुंब ब चा डीएनए एमयूसी१ साठी पाठवतोय.

---

नेफ्रॉनपंत

अजून नाही. नॉमअ‍ॅड बहुतांशी शॉर्ट रीडवर उभं आहे, म्हणजे एक्झॉन १ ते ३३ मध्ये त्यालाही तुमच्यासारखंच अंधुक दिसतं. तिथे 'नाही' म्हणजे दुर्मिळच असं नाही. एसीएमजी या अमेरिकी जनुकवैद्यक संस्थेच्या २०१५ च्या निकषांतला पीएम२ (लोकसंख्येत बदल नसल्याचा पुरावा) इथे हात राखून वापरा.

खरा पुरावा कुटुंबातून येईल. रुग्णांमध्ये बदल आहे का हे बघा. निरोगी मोजताना मात्र कडक राहा. सोनोग्राफीवर 'सिस्ट नाही' हे विशीतल्या माणसात पुरेसं नाही. चाळिशी ओलांडलेल्याला दोन्ही किडन्या मिळून दोनपेक्षा कमी सिस्ट असतील तरच 'निरोगी' धरा. सोळा ते चाळीस वयात एमआरआयवर एकूण पाचपेक्षा कमी असतील तर चालेल. साठीनंतर एखाददुसरी साधी सिस्ट कोणालाही असते, तेवढ्यावरून रुग्ण ठरवू नका.

प्रत्येक माहितीपूर्ण मायोसिसला (पालकाकडून अपत्याकडे बदल उतरला की नाही हे कळणाऱ्या प्रत्येक प्रसंगाला) लॉड स्कोअर (बदल आणि आजार एकत्र उतरतात याच्या पुराव्याचा आकडा) जास्तीत जास्त ०.३ मिळतो. ३ पर्यंत जायला असे दहा लागतात. चार रुग्णांच्या कुटुंबात ते होणार नाही, त्यामुळे हाच बदल दुसऱ्या असंबंधित कुटुंबात सापडतो का ते क्लिनव्हारमध्ये (बदलांच्या अर्थाच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये) आणि एडीपीकेडीच्या व्हेरियंट डेटाबेसमध्ये शोधा.

---

बेसपेअर

एक पुरवणी. लाँग रेंजचा तो तुकडा लाँग रीडवरही वाचून घ्या. मिसेन्ससोबत त्याच प्रतीवर दुसरा बदल आहे का, की समोरच्या प्रतीवर, हे त्यातून कळतं. पीकेडी१ मध्ये आर्ग३२७७सिससारखे अर्धवट काम करणारे अलील असतात: एकटे असताना सौम्य, समोर दुसरा सदोष अलील आला की आजार लहानपणीच उग्र. कुटुंबात एकाच व्यक्तीचा आजार बाकीच्यांपेक्षा फारच लवकर किंवा फारच उशिरा सुरू झाला असेल, तर त्या व्यक्तीचा नमुना आधी लावा.