कॉलेजात उद्योजकता शिकून खरंच कुणी धंदा सुरू करतं का?

मी लातूरला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्योजकता विषय आहे पण सर नोट्स लिहून देतात, आणि परीक्षेत उद्योजकाचे गुण लिहा असा प्रश्न येतो. मला डाळीच्या पापडांचा धंदा करायचाय, आई चांगले करते, पण घरचे म्हणतात आधी बँकेची परीक्षा दे. काय करू?

माणदेशी
नोट्सने काही होत नाही रे. उद्या दहा किलो पापड कर आणि गल्लीतल्या तीन किराणा दुकानांत ठेव, आणि आठ दिवसांनी जाऊन बघ कुठलं पाकीट संपलं, कुठलं तसंच पडलंय, दुकानदार उधारी किती दिवस ठेवतो. एवढं कळलं की अर्धा विषय शिकलास. आईच्या मजुरीचे पैसे मात्र हिशोबात धर, सगळे तिथेच चुकतात आणि मग नफा झाला असं वाटतं.

सायली_पुणे
महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून ट्रेनिंग देतंय, जिल्ह्याच्या ऑफिसात चौकशी कर. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. पीएमईजीपीत (नवीन धंद्याला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना) ओपनवाल्याला प्रकल्पाच्या खर्चातले स्वतःचे १० टक्के घालावे लागतात, ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी आहे. पण कर्ज नंतर, आधी गिऱ्हाईक.

प्रश्नकर्ता
मजुरी धरलीच नव्हती मी! आज आईबरोबर बसून परत हिशोब करतो. बँकेचा फॉर्म पण भरतो, घरच्यांनाही बरं वाटेल.