तनाखच्या देवाला माणसाचे पुढचे पाऊल आधीच माहीत असते का?

अश्वत्थ:
हिब्रू धर्मग्रंथांतील, म्हणजे यहुद्यांच्या तनाखमधील, देव सर्वज्ञ आहे, असे म्हणताना स्तोत्र 139 चा दाखला हमखास दिला जातो: जिभेवर शब्द येण्याआधीच तो देवाला कळतो, आणि भक्ताचा एकही दिवस उजाडला नव्हता तेव्हाच त्याचे सारे दिवस देवाच्या पुस्तकात लिहिलेले होते. मात्र त्याच तनाखमधील कथांत वेगळा देव भेटतो. देवाच्या आज्ञेवरून अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याच्यावर सुरा उगारल्यावर ‘तू देवाला भितोस हे आता मला कळले’ असे शब्द येतात. सदोम नगराच्या पापांविरुद्धची ओरड खरी की खोटी हे पाहायला देव स्वतः खाली उतरतो. आणि शौलाला राजा केल्याचा त्याला पस्तावा होतो. सारे आधीच ठाऊक असणाऱ्याला पस्तावा कशाचा? माझे मत असे की या देवाला माणसाचे मन तळापर्यंत दिसते, पण ते मन ऐनवेळी काय ठरवील हे ठरल्यावरच कळते.

नीलाक्ष:
आपण सोयीची वचने उचलली आहेत. 1 शमुवेल 15 मध्ये देवाच्या पस्ताव्याचा उल्लेख दोनदा येतो हे खरे, पण त्या दोहोंच्या मध्ये, 29 व्या वचनात, शमुवेल संदेष्टा शौलाला तोंडावर सुनावतो की देव काही माणूस नव्हे की त्याने पस्तावावे. हा अध्याय रचणाऱ्याच्या नजरेतून एवढा विरोध सुटला असेल, हे मला पटत नाही. सदोमचे म्हणाल, तर भाष्यकार राशी (1040–1105) सांगतात की देहदंडाचा खटला स्वतः पाहिल्याशिवाय निकाली काढू नये, हा धडा त्यातून न्यायाधीशांना दिला आहे.

अश्वत्थ:
भाष्य सुंदर आहे, पण मूळ कथेत देव ‘तसे नसेल तर मला कळेल’ असेच म्हणतो. त्याहून अडचणीचा प्रसंग कईलाचा आहे (1 शमुवेल 23). शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला आहे; जे नगर दावीदाने पलिष्ट्यांच्या तावडीतून नुकतेच सोडवले, तिथेच कोंडले जाण्याची वेळ त्याच्यावर येते. तो अब्याथार याजकाला एफोद (देवाचा कौल घेण्यासाठीचे याजकाचे वस्त्र) आणायला सांगतो आणि देवाला रोखठोक विचारतो: शौल येईल काय? इथले लोक मला त्याच्या हवाली करतील काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी येतात. दावीद आपली सुमारे 600 माणसे घेऊन निघून जातो. मग शौलही येत नाही आणि कोणी कोणाला हवालीही करत नाही. जे आधीच लिहिलेले होते, ते टळले कसे?

चित्कला:
याच प्रसंगातून मी उलटा निष्कर्ष काढीन. जे घडलेच नाही तेही ज्याला ठाऊक होते, त्याचे ज्ञान आपण म्हणता त्याहून मोठे ठरते. मला खटकते ते वेगळेच: ही नजर ज्याच्यावर रोखलेली आहे, त्याला इथे कोणी विचारत नाही. ईयोब 7 मध्ये संकटांनी पिडलेला ईयोब कळवळून देवाला म्हणतो की थुंकी गिळण्यापुरतीही उसंत तू मला देत नाहीस, रोज सकाळी माझी झडती घेतोस. देवाला सारे दिसते याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही; तेच तर त्याचे दुखणे आहे.

नीलाक्ष:
म्हणजे ईयोबही माझ्याच बाजूचा साक्षीदार झाला. माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उरतो, आणि तो 12 व्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदीस यांनी टाळला नाही: देवाचे जाणणे आपल्या जाणण्याच्या जातीचे नाही, म्हणून त्याने माणसाचे हात बांधले जात नाहीत.

अश्वत्थ:
टाळला नाही, पण सोडवलाही नाही. 14 व्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ लेवी बेन गेर्शोन यांनी स्पष्ट मांडले की माणूस स्वेच्छेने नेमके काय निवडील हे देव आधी जाणत नाही, आणि त्यामुळे देवाला उणेपणा येत नाही. यहुदी परंपरेत हे मत अल्पमतात राहिले. तरीही कईलाची कथा ओढाताण न करता वाचायची, तर मला तेच जवळचे वाटते.