शोधनिबंधात बाजू आधी घ्यायची की वाचून झाल्यावर?

मांजराकाठ: एम.ए.च्या मुलांचे शोधनिबंध तपासते आहे. विषय लातूरची पाणीटंचाई. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. बहुतेकांचं पहिलं वाक्य असं: ‘प्रस्तुत शोधनिबंधात लातूरच्या पाणीटंचाईचा अभ्यास केला आहे.’ हा झाला विषय, मुद्दा कुठे आहे? एकीने लिहिलंय, ‘पाण्याचे नियोजन काळाची गरज आहे.’ याला नाही कोण म्हणेल? मग वीस पानं कोणाला पटवायला? माझ्या मते पहिल्या आठवड्यातच बाजू घ्यावी. उदाहरणार्थ: ‘लातूरची टंचाई निव्वळ अवर्षणाची नव्हती, मांजरा खोऱ्यात ऊस वाढू देण्याच्या निर्णयांनी ती ओढवली.’ यावर वाद घालता येतो. शिवाय शोधायचं काय तेही कळतं: पाऊस, धरणातला साठा, उसाखालचं क्षेत्र.

जुनी_वही: मॅडम, मला हे पटत नाही. पहिल्या आठवड्यात मुलाने फार तर दोन बातम्या वाचलेल्या असतात. बाजू ठरली की तो सोयीचे आकडेच वेचतो. मी रोजगार हमीवर लिहायला घेतलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं होतं, ‘१९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी जन्माला घातली.’ चार महिने त्यालाच चिकटून बसलो. दुष्काळी कामं तर इंग्रजांच्या काळातही निघत होती. नवं होतं ते १९७७ च्या कायद्याने दिलेला काम मागण्याचा हक्क, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून घेतलेला व्यवसाय कर. खरा मुद्दा तिथे होता. आधी नुसता प्रश्न लिहिला असता तर तो लवकर दिसला असता.

मांजराकाठ: पण ते वाक्य समोर होतं म्हणूनच तर ते कुठे तोकडं पडतंय ते दिसलं ना? नुसता प्रश्न घेऊन बसलेली मुलं मार्चपर्यंत झेरॉक्स जमवत राहतात. दरवर्षी बघते.

जुनी_वही: दिसलं, पण बदलता आलं नाही. सिनॉप्सिसवर, म्हणजे सुरुवातीला द्यायच्या आराखड्यावर, गृहीतक टंकून सही झाली की ते दगडावरची रेघ. मग शेवटच्या प्रकरणात मुकाट्याने ‘गृहीतक सिद्ध झाले’. मीही तेच लिहिलं, आणि ते आजही सलतं.

तीन_एकर: आमच्या घरी ऊस आहे, म्हणून बोलतो. मॅडम, तुमच्या वाक्यात ‘निर्णयांनी’ म्हणजे कोणाच्या? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, कारखान्याला तेवढा दर द्यावाच लागतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतलाच जाईल असं नाही. माझे वडील दुसरं काय लावतील? हा आक्षेप त्या वाक्यातच यायला हवा, नाहीतर निबंध आमच्यावर आरोप करून मोकळा होईल.

मांजराकाठ: बरोबर आहे तुमचं. असं करून बघते: ‘पाऊस कमी झाला आणि शेतकऱ्यापुढे हमखास विकलं जाणारं दुसरं पीक नव्हतं हे खरं असलं, तरी पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यात साखर कारखान्यांना परवाने देत गेल्याने लातूरची टंचाई तीव्र झाली.’ सिनॉप्सिसमधलं विधान दिवाळीनंतर एकदा बदलायची मुभाही या वर्षीपासून माझ्या वर्गाला देते. पहिला आठवडा मात्र सोडणार नाही.

जुनी_वही: मुभा नको, सक्ती करा. नुसत्या मुभेवर कोणी बदलत नाही.