पणजीत एकच दिवस: काय पाहावे आणि शाकाहारी माणसाने काय खावे?

नवी पेठ
गड्ड्याची यात्रा आटोपली की फेब्रुवारीत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई, रात्रीच्या बसने सोलापूरहून पणजीला जाऊन दुसऱ्या रात्री परतण्याच्या विचारात आहोत. किनारे पूर्वी पाहिलेले असल्यामुळे या वेळी केवळ पोर्तुगीजांच्या काळातले शहर पाहायचे आहे. आई अंडेही खात नाही आणि तिचे गुडघे दुखतात. आधी जुने गोवे करावे की पणजी, आणि खाण्यासाठी कुठे थांबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मळ्यातला सोलापूरकर
नोकरीनिमित्त मी पणजीत राहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडचे बहुतेक लोक सकाळी सरळ जुने गोवे गाठतात आणि दुपारी पणजीत परततात. पण दुपारी एक ते चारच्या दरम्यान येथील अनेक दुकाने बंद असतात आणि नेमक्या त्याच वेळी ते रिकाम्या गल्ल्यांतून उन्हात फिरत बसतात. माझ्या मते क्रम उलटा असावा. सकाळ पणजीला द्यावी, दुपारी जेवून विश्रांती घ्यावी आणि साडेतीनच्या सुमारास जुन्या गोव्याला निघावे.

बसस्थानकाजवळ अर्ध्या दिवसासाठी खोली घ्यावी, म्हणजे आईंची सोय होईल. नंतर चर्च चौकाजवळच्या कॅफे ताटोमध्ये न्याहारी करावी, कारण ते पूर्ण शाकाहारी आहे. भाजी-पाव ही पणजीची खरी न्याहारी आहे. बटाट्याची सुकी भाजी, वाटाण्याची पातळ भाजी किंवा दोन्ही एकत्र मागता येतात, सोबत मिरचीची भजी आणि गोडसर बन्सही मिळतात. पातळ भाजीत खोबरे असते, त्यामुळे ती आपल्या सोलापुरी रश्श्यासारखी जहाल नसते. तिखट हवेच असेल तर शेंगाचटणीची पुडी सोबत ठेवावी. ती पोईबरोबरही छान लागते. पोई म्हणजे गव्हाच्या कोंड्यात घोळवून भाजलेला पोकळ पाव. पोदेर, म्हणजे पाव विकणारा, तो सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत विकतो.

त्याच चौकात इमॅक्युलेट कन्सेप्शनचे पांढरे चर्च आहे. मूळचे १५४१ चे छोटे प्रार्थनागृह १६१९ मध्ये मोठ्या रूपात पुन्हा बांधले गेले. त्याच्या नागमोडी पायऱ्या आईंनी चढू नयेत, कारण चर्चचे रूप खालूनच अधिक चांगले दिसते. वर टांगलेली मोठी घंटा मात्र मुलाला अवश्य दाखवावी, कारण तिचे मूळ घर तुम्हाला दुपारी दिसणार आहे. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची होती.

तेथून फोंतेन्हास या जुन्या वस्तीत चालत जाता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून परतलेल्या एका धनिकाच्या माडांच्या बागेत ही वस्ती वाढू लागली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, लोखंडी सज्जे आणि कौलारू छपरे पाहत तासभर फिरावे. ही लोकांची राहती घरे आहेत. कुणाच्याही पायरीवर बसून छायाचित्रे काढू नयेत, कारण रहिवासी या प्रकाराला कंटाळले आहेत आणि तशा पाट्याही त्यांनी लावल्या आहेत. सेंट सेबॅस्टियन प्रार्थनागृहातील क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालयाच्या (इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय) वाड्यात होता. हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, आणि हे सहसा कुठे पाहायला मिळत नाही.

सातरस्ता
वरील क्रमाला माझे अनुमोदन आहे, परंतु खाण्याच्या बाबतीत दोन सूचना कराव्याशा वाटतात. रस्त्यावरच्या गाड्यांवर रस-ऑम्लेट फार प्रसिद्ध आहे. त्यातला रस बहुधा कोंबडीच्या शागुतीचा, म्हणजे मसालेदार रश्श्याचा, असतो, तेव्हा अंडे चालते एवढ्यावरच मागवू नये, रस कशाचा आहे ते आधी विचारावे. दुसरे, बेबिंका या थरांच्या गोड पदार्थामध्ये अंड्यांचे बलक भरपूर असतात, म्हणून आईंसाठी तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ आटवून केलेले दोदोल घ्यावे. तुम्ही तिघांनी मात्र फोंतेन्हासमधील ३१ द जानेइरो या जुन्या बेकरीत अवश्य डोकावावे. दुपारच्या जेवणात आळसांद्याचे (चवळीसारखे कडधान्य) किंवा अळंब्यांचे तोंडाक, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातली रस्साभाजी, मिळाले तर सोडू नये.

विजापूर वेस
मला खाण्यात फारशी गती नाही, पण एक वास्तू वरच्या मंडळींच्या नजरेतून सुटली आहे. मांडवीच्या काठावरचे जुने सचिवालय हा मूळचा आदिलशहाचा राजवाडा होय. पोर्तुगीज सेनानी अल्फोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये ज्या विजापूरकरांकडून गोवे घेतले, त्याच विजापूरकरांचा आपल्या भुईकोट किल्ल्यासाठी निजामशाहीशी पिढ्यान्पिढ्या झगडा चालला होता, त्यामुळे सोलापूरकराने तेथे पाच मिनिटे तरी थांबायलाच हवे. रोगराईमुळे जुने गोवे ओस पडू लागल्यावर १७५९ मध्ये व्हाइसरॉय या वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शेजारीच आबे फारिया यांचा पुतळा आहे. संमोहनाचा शास्त्रीय विचार मांडणारा हा गोमंतकीय धर्मगुरू एका स्त्रीला संमोहित करताना दाखवला आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या लक्षात सगळ्या चर्चांपेक्षा तोच अधिक राहील.

नवी पेठ
आपणा सर्वांचे आभार. जुन्या गोव्यात आईला कितपत चालावे लागेल? आणि सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जवळून पाहता येते का?

मळ्यातला सोलापूरकर
कदंबच्या बसने साधारण दहा किलोमीटरचे अंतर आहे आणि वाटेत १६३० च्या दशकात बांधलेला रायबंदरचा लांबलचक दगडी बांध-पूल लागतो. बॉम जेझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असून जमीन सपाट आहे. बॅसिलिकेचा जांभा दगड उघडा आहे, तर समोरचे कॅथेड्रल पांढरेशुभ्र आहे. शव बॅसिलिकेत चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलेले असते. ते खाली आणून दर्शन दहा वर्षांतून एकदाच होते आणि मागचे दर्शन जानेवारी २०२५ मध्ये संपले, त्यामुळे दुरूनच पाहावे लागेल. सेंट ऑगस्टिनचा अर्धा उरलेला मनोरा चढावर आहे. सकाळच्या घंटेचे मूळ घर ते हेच. तेथे मुलाला तुम्ही घेऊन जावे आणि आईंनी सूनबाईंबरोबर बॅसिलिकेच्या आवारात बसावे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. रविवार टाळावा, कारण सकाळी प्रार्थना असतात आणि पणजीतील बरीच दुकानेही बंद असतात.

आईंना देवदर्शन हवे असेल तर पोर्तुगीज अमदानीत १८१८ साली परवानगी मिळून उभे राहिलेले महालक्ष्मी मंदिर पणजीतच आहे. संध्याकाळी वेळ उरला तर फेरीबोटीने मांडवीपलीकडच्या बेतीला जाऊन लगेच परतावे. पायी जाणाऱ्यांना तिकीट लागत नाही आणि नदीतून शहर चांगले दिसते.

सातरस्ता
तारीख ठरवताना कार्निव्हल, म्हणजे गोव्यातला मिरवणुकांचा उत्सव, कधी आहे ते पाहून घ्यावे. पणजीतील मिरवणूक शनिवारी निघते आणि त्या दिवशी नदीकाठचे रस्ते बंद असतात. जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमानसेवाही सुरू झाली आहे, परंतु ते विमान उत्तर गोव्यातील मोपा विमानतळावर उतरते आणि तेथून पणजी बरीच लांब आहे, त्यामुळे एका दिवसासाठी रात्रीची बसच अधिक सोयीची वाटते.

नवी पेठ
तर कार्निव्हल टाळून, एखादा मंगळवार किंवा बुधवार धरून तिकिटे काढतो. आईने शेंगाचटणी कुटायला आजच सांगितले आहे.