गावचं नाटक आणि ओळखीचा खलनायक: तुमचे अनुभव लिहा

यंदा आमच्या गावच्या पॅण्टोत मला गाय केलंय. म्हणजे गायीचा मागचा अर्धा भाग, पुढच्या अर्ध्यात पोस्टमन आहे. इंग्लंडमधलं लहानसं खेडं, एक चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल, आणि जानेवारीत बाहेर गारठा असताना सगळं गाव त्या हॉलमध्ये कोंबलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॅण्टो म्हणजे नाताळच्या मोसमातलं धुडगूस नाटक. सिंड्रेला, अल्लादीन, जॅक आणि त्याचा आभाळाला भिडलेला वेल असल्या पोरासोरांना पाठ असलेल्या गोष्टी, त्यात गाणी, पांचट विनोद आणि गावातल्याच लोकांना टोमणे. डेम, म्हणजे हीरोची आई वगैरे, ती कायम पुरुष, भडक लिपस्टिक आणि दर प्रवेशाला नवा झगा. हीरोचं काम जुन्या पद्धतीत मुलगी करते आणि उठसूट मांडीवर थाप मारते. खलनायक नटाच्या डाव्या हाताकडून येणार आणि परी उजव्या, हे ठरलेलं. तो आला की अख्ख्या हॉलने हुर्यो करायची, तो कोणाच्या पाठीमागे लपला की पोरांनी "मागे बघ, मागे बघ" म्हणून छप्पर उडवायचं. शेवटच्या दोन यमकातल्या ओळी तालमीत कोणी म्हणत नाही, अपशकुन समजतात, त्या थेट पहिल्या प्रयोगाला.

आमचा खलनायक पॅरिश काउन्सिलवर, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीवर आहे. गावातल्या मोडक्या बाकापासून कुत्र्यांच्या कचरापेटीपर्यंत सगळ्या तक्रारी त्यांच्याकडे, त्यामुळे हुर्यो करताना लोक वर्षभराची भडास काढतात आणि ते पण खूष असतात. इंटरव्हलला चहा, रॅफल म्हणजे बक्षिसांची सोडत, ते पैसे हॉलच्या छपराला. तर तुमच्या गावात खलनायक कोण असतो, साडी कोण नेसतो, पडदा कोण ओढतो? सविस्तर लिहा.

रापण

आमच्याकडे (कुडाळ साइड) जत्रेला कंपनीचा दशावतार असतोच, पण गावच्या पोरांचा हौशी दशावतार वेगळा आणि त्याला गर्दी जास्त, कारण रात्रीचा दुर्योधन सकाळी रेशनच्या लायनीत आपल्या पुढे उभा होता. स्क्रिप्ट बिक्रिप्ट काही नाही. संध्याकाळी ज्याला कथा नीट माहिती तो बसून आख्यान सांगतो, तू भीम, तू नारद, इथे युद्ध, इथे रडायचं, झाली तालीम, संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर घालायचे. सामान काय तर एक बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मोरावर बसलेली सरस्वती, आणि मग संकासुर. तुमचा डाव्या हाताचा खलनायक वाचून मला तोच आठवला. काळे कपडे, वेद पळवणारा राक्षस, पण बोलतो अस्सल मालवणी, आणि भटजीची अशी फिरकी घेतो की शेवटी विष्णू त्याला मारतो तेव्हा लोकांना वाईटच वाटतं. आमच्याकडे संकासुर करणारे काका दिवसा एकदम अबोल माणूस, नारळ सोलताना दोन शब्द बोलले तर बोलले. त्या रात्री मात्र पाण्याची टाकी का गळते, कोणाची गुरं कोणाच्या बागेत शिरली, कोणी मुंबईहून येऊन देवळाची वर्गणी बुडवली, सगळं बाहेर. सकाळी जाब विचारायला गेलात तर एकच उत्तर, "मी खंय बोललंय, तो संकासुर बोललो."

साडी म्हणाल तर स्त्रीपार्टी करणारा मुलगा आमचा टेम्पो ड्रायव्हर. त्याला साडी त्याची आईच नेसवते, आणि पदर नीट खोचला नाही म्हणून सगळ्यांसमोर ओरडते पण. कंपन्यांमधले मुरलेले स्त्रीपार्टी बघाल तर पुरुष आहे हे विसरायला होतं, याचं तसं नाही, याचे दंड बघूनच कीचक पळेल.

चाकरमानी

रत्नागिरी. आमचं सगळं नाटक मुंबईत बसायचं आणि गावात व्हायचं. परळ-लालबागकडच्या गावच्या खोलीत रात्री तालीम, सगळे मिलवरून किंवा ऑफिसातून आलेले, जागा एवढीशी की राजाने फेऱ्या मारायच्या तर कॉट उचलून भिंतीला उभी करायची. पडदे भाड्याने यायचे, रस्ता, राजवाडा, जंगल असा सेटच असायचा, त्यामुळे कौटुंबिक नाटक असलं तरी जंगल कुठेतरी लावायचंच, भाडं दिलंय म्हटल्यावर. म्हणून आमच्या हिरोइनचा बाप दरवेळी जंगलात वारायचा.

बाईचं काम करायला गावात कोणी मुलगी देत नसे, मग मुंबईहून नटी आणायची. तिची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, गाडीभाडं, राहायची सोय सगळं मंडळाकडे, आणि वर्गणीतला मोठा घास तोच. ती बिचारी रंगीत तालमीला पहिल्यांदा यायची आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चोख काम करून सकाळच्या गाडीने परत. तिच्याबद्दल गावात जे बोललं जायचं ते इथे लिहीत नाही. तिला मान मिळायचा तो फक्त पडदा वर असेपर्यंत, हे खरं आहे. आता आमच्याच सुना-मुली उभ्या राहतात, आणि नाटक बरं होतं की वाईट ते सोडा पण ती आतली कुजबूज तरी थांबली.

आमच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, अजूनही गवळणी पुरुषच आहेत. ते बदलू नये असं मला वाटतं, का ते सांगता येणार नाही.

थेम्सकाठचा

धागाकर्त्या, तुमची गाय परवडली. मी राहतो त्या गावात ब्राऊन माणूस मी एकटा, त्यामुळे कमिटीत अल्लादीन ठरलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे. वाईट हेतू कोणाचाच नाही, चांगली माणसं आहेत, पण ती गोष्ट पॅण्टोत चीनमध्ये घडते, पेकिंगची लॉण्ड्री, अल्लादीनची आई विधवा ट्वांकी, आणि मी मूळचा साताऱ्याचा, म्हणजे दिवा घासण्यात माझा विशेष हात कसा काय बसणार? मी सरळ म्हटलं मला डेम द्या. जरा शांतता झाली, मग निवृत्त हेडमास्तरीण बाई म्हणाल्या द्या की, उंची पण आहे. तेव्हापासून विधवा ट्वांकी मीच. आमची आई इथे आली होती तेव्हा पुढच्या रांगेत बसून बघितलं, इंग्लिश यथातथाच, पण एक विनोद चुकला नाही तिचा, आणि प्रयोगानंतर म्हणाली की तमाशातली मावशी काय वेगळी असते, फक्त झगा घातलास.

काम मात्र झेपेल तेवढंच घ्या. तालमी ऑक्टोबरपासून, हॉल बाकीचे दिवस योगा आणि ब्रिजवाल्यांकडे. प्रकाशकाकडून स्क्रिप्ट घेतलं की प्रत्येक प्रयोगाची रॉयल्टी द्यायची, कोरसमधल्या मुलांसाठी काउन्सिलचं लायसन असलेले शॅपरोन, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणारे, लागतात, आणि शेव्हिंग फोमचा राडा असलेला प्रवेश ठेवलात तर इंटरव्हलच्या आधी ठेवा. पुसायला वेळ मिळतो. नंतर त्यावर नाचायचं असतं.

धानाची बांधी

झाडीपट्टीचा माणूस इथे पाहिजेच. गडचिरोली जिल्हा. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे नाटकंच नाटकं, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. आता बहुतेक वडस्याच्या नाटक कंपन्या बोलावतात, गावचं मंडळ तिकिटं विकतं. पण माझ्या बाबांच्या काळी गावचेच लोक काम करायचे. शेतात माती खणून खोलगट जागा करायची, त्यात तणस टाकून बसायचं, रात्रभर. नाटकाच्या निमित्ताने सोयरे येतात, पोरीपोरं दाखवली जातात, माझ्या आत्याचं लग्न असंच जमलं. नवरदेव नाटकात दारुडा झाला होता म्हणून आजी अडून बसली होती, तिला पटवायला मंडळाचा अध्यक्ष घरी आला. परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले, त्यांची दारू सोडवणारी नाटकं सगळ्यांनी बघितलेली.

टेंभा

आमच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, डायलॉगच नाही. मोखाड्याकडचा मी. रात्रभर एकेक सोंग येतं, गणपती, सरस्वती, मग त्राटिका, नरसिंह, रावण, संबळ आणि पिपाणीच्या तालावर नाचत. तोंडावर एवढा मोठा मुखवटा की नाचणाऱ्याला नीट दिसत नाही, पुढे टेंभा धरून एक माणूस असतो त्याच्याकडे बघत पावलं टाकायची. कोणतं सोंग कोणत्या घराचं ते ठरलेलं, मुखवटा वर्षभर त्या घरात. वर काही जण म्हणाले ओळखीचा माणूस दिसतो त्यात मजा आहे, तर मुखवट्याआड पण ओळखतातच. पायावरून. आमची म्हातारी माणसं तीन पावलांत सांगतात हा अमक्याचा नातू, आजोबासारखाच डावा पाय ओढतो. रावणाचं सोंग आमच्या भाऊबंदांकडे आहे आणि वाटणीत जमिनीपेक्षा जास्त भांडण त्यावरून झालं.

शेवंती

गोव्यातून. देवळाच्या जत्रेत गावचं नाटक, पालखी आत गेली की सुरू. मी प्रॉम्प्टर. सगळे स्टेजवरच्यांचं लिहितायत म्हणून मुद्दाम लिहिते. विंगेत स्टुलावर, हातात टॉर्च, डास चावतायत, आणि नट माझ्याकडे न बघता कान माझ्याकडे लावून उभा. संगीत नाटक असेल तर प्रॉम्प्टिंगची गरजच नसते, पदं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाठ, नटाच्या आधी तेच सुरू करतात. आणि ते बक्षीस प्रकरण! भर मरणाच्या प्रसंगात माइकवर अनाउन्समेंट, अमक्यांकडून मरणाऱ्या पात्राला पाचशे रुपये. आमचा नायक एकदा उठून बसला, नमस्कार केला, नोट खिशात घातली आणि परत मेला. लोकांनी वन्स मोअर दिला.

रापण

शेवंतीताई, हे आमच्याकडे पण, फक्त आमचा मेलेला उठून "थोडे कमी वाटतत" म्हणाला असता.

एक विचारायचं होतं सगळ्यांना, दहाच्या नियमाचं काय करता? रात्री दहानंतर स्पीकर बंद, बारापर्यंतची सवलत वर्षातून थोडेच दिवस. आमची पालखीच साडेदहाला फिरते. मागच्या वेळी पोरांनी संध्याकाळी सातला सुरू करून बघितलं, समोर खुर्च्या आणि चार कुत्री, बायका चुलीकडे, पुरुष नाक्यावर. मग माइक काढून टाकला आणि नेहमीच्या वेळेला बसलो. जुनी माणसं खूष, मागच्या रांगा ओरडत होत्या ऐकू येत नाही म्हणून, शेवटी मागच्या लोकांनी खुर्च्या उचलल्या आणि रंगमंचाला चिकटून बसले. नारदाला यायला वाट राहिली नाही, तो लोकांच्या मांड्यांवरून आला.