जांभळा न झालेला कागद

एलएसडी हा भ्रम निर्माण करणारा अमली पदार्थ बहुधा कागदाच्या तुकड्यात शोषवून विकला जातो, आणि एर्लिख द्रावण या चाचणी-रसायनाने असा कागद जांभळा होतो. पण ‘एर्लिख द्रावणाने कागद जांभळा झाला नाही, म्हणजे त्यात एलएसडी नाही, म्हणून तो निरुपद्रवी’ हा निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. हे द्रावण इंडोल वलय (एलएसडीच्या रेणूतील कड्यासारखी रचना) ओळखते; एलएसडी म्हणून खपवल्या गेलेल्या २५आय-एनबीओएमई या कृत्रिम अमली पदार्थात ते वलयच नसते, तरीही मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ५-एचटी२ए ग्राहीला (ते रसायन जिथे जोडले जाते त्या जागेला) ते मायक्रोग्रॅमच्या मात्रेत उत्तेजित करते, आणि त्यातून झटके, तीव्र ज्वर व मृत्यूही ओढवले आहेत. मूत्राच्या नेहमीच्या चाचणीत ते सापडत नाही. त्याला क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक वेगळे करणे) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणे) लागते. संयुक्त राष्ट्रांच्या मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीच्या १९७१ च्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक नियंत्रणाच्या, अनुसूचीत ते २०१५ मध्ये आले. राहिला एलएसडीचा कायदा: भारतात त्याची व्यापारी मात्रा (जिच्यापुढे शिक्षा आणि जामिनाच्या अटी कडक होतात) अवघी ०.१ ग्रॅम असल्यामुळे कागदाचे वजन धरायचे की नाही, यावरच (हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही झाला) आरोपीचा जामीन अडतो.