मदत हवी आहे: लाडघरला मिळालेला निळा दगड, टंबल केल्यावरही ओळखता येत नाहीये

नमस्कार मंडळी,

जाणकारांची मदत हवी आहे आणि थोडी घाई आहे, कारण आई शनिवारी या दगडाची अंगठी करायला टाकणार म्हणतेय.

आम्ही दापोलीचे. लाडघरचा किनारा ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल, तिथे वाळूत रंगीत गोटे भरपूर मिळतात, लाल तांबूस तर इतके की पाणीसुद्धा लालसर दिसतं, म्हणून तर तामसतीर्थ म्हणतात. मी गेली तीन वर्षं तिथले गोटे गोळा करून घरी टंबलरमध्ये घालते, म्हणजे दगड घासायच्या भुकटीबरोबर आठवडेच्या आठवडे फिरवून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात. लाल जास्पर, पांढरी गार, कधी पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. निळं मात्र आजपर्यंत एकदाही मिळालं नव्हतं.

हा आईला मिळाला. मागे एका अमावास्येला पाणी खूप लांब गेलं होतं म्हणून ती शेजारच्या काकूंबरोबर कालवं काढायला गेली होती, आणि कातळाच्या खाचेत हा बसलेला. तेव्हा तो निळा आहे असं वाटलंच नाही, वरून राखाडी पांढुरका, मिठाचा थर बसल्यासारखा, पण ओला केला की आत काहीतरी गडद दिसायचं. आई म्हणाली, "तुझ्या त्या डब्यात टाक गो, काय निघतं बघू." म्हणून बाकीच्या गोट्यांबरोबर टाकला.

पहिल्या आठवड्यानंतर (६०/९० ग्रिट, म्हणजे सगळ्यात जाड भुकटी) बॅरल, म्हणजे फिरणारा डबा, उघडला आणि चिखल धुतला तर हाताला हे निळं लागलं, कपड्यांना नीळ घालताना बादलीत पहिला थेंब पडतो ना आणि तो पसरायच्या आधी जसा दिसतो, तसा रंग. मग १२०/२२०, मग ५००, मग अॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश, असे मिळून पाच आठवडे गेले कारण मध्ये दोनदा रात्रभर लाईट नव्हती आणि बॅरलमधला चिखल सिमेंटसारखा घट्ट बसला होता, तो काढून परत सुरू करावं लागलं. जास्पर आरशासारखे चमकले. हा निळा मात्र तेवढा चमकला नाही, वरून जरा धुरकट आहे आणि भिंगातून बघितलं तर नखाने दाबल्यासारखे बारीक अर्धचंद्र दिसतात. टॉर्चवर धरला की कडा आरपार दिसतात, मधे गडद. आत एका बाजूला सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके आहेत.

मी वहीत वजनं लिहून ठेवते म्हणून देते. हा टाकताना १४.२ ग्रॅम होता, आता १०.८. त्याच्याच मापाचा जास्पर १५.१ चा १४.२ झाला. सुरीने ओरखडा पडत नाही. ग्लासातल्या पाण्यात दोऱ्याने बुडता टांगून, तळाला न टेकवता, काट्यावर बघितलं तर आकडा ४.२ ग्रॅमने वाढला, म्हणजे १०.८ भागिले ४.२, घनता साधारण २.५७ येते. काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो.

आता खरी अडचण. गावातल्या एका सोनाराने हातात घेऊन दोन मिनिटांत "नीलम आहे, नशीबवान आहात" असं सांगितलं, आणि भावाची साडेसाती चालू असल्यामुळे आईने ते लगेच धरलं. चांदीत बसवायचे आणि "शुद्धीकरणाचे" मिळून त्यांनी जो आकडा सांगितला तो आमच्या घराला छोटा नाही. मला आईला दुखवायचं नाहीये, पण खोट्या गोष्टीवर तिचे पैसे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. आणि पैशाचं बाजूला ठेवलं तरी तिला सापडलेली वस्तू नक्की काय आहे हे मला कळायला हवंय.

माझा अंदाज कॅल्सेडनी, म्हणजे अकिकाच्याच जातीचा दगड. आपल्या काळ्या कातळात, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यात नंतर सिलिका भरली, त्यातून निळसर कॅल्सेडनीही होते. पण ती फिकट, आभाळी असते, एवढी गडद मी पाहिलेली नाही. कोणी सांगाल का?

प्रतिसाद

ताई, आधी आईंना थांबवा. नीलम नाही हे तुमच्या आकड्यांवरूनच सिद्ध होतं. नीलम म्हणजे कोरंडम, त्याची घनता ४ च्या आसपास. १०.८ ग्रॅमचा नीलम असता तर पाण्यात आकडा फक्त २.७ ने वाढला असता, तुमचा ४.२ ने वाढला. काटा ०.१ ने चुकला म्हणून एवढा फरक पडत नाही. शिवाय १०.८ ग्रॅम म्हणजे ५४ कॅरट होतात. कोरंडमची कठीणता (१ ते १० च्या मोजपट्टीवर) ९, आपल्या ग्रिटचा सिलिकॉन कार्बाइड जेमतेम साडेनऊ, पाच आठवड्यांत तो २४ टक्के झिजलाच नसता. जास्परपेक्षाही कमी झिजला असता.

आणि खरी खूण तिथेच आहे. तुमचा जास्पर ६ टक्के झिजला आणि हा २४. समुद्राने आधीच गोल केलेले दोन दगड एकाच बॅरलमध्ये एवढे वेगळे झिजतात म्हणजे निळा मऊ आहे. कॅल्सेडनी आणि जास्पर दोन्ही ७ च्या जवळचे, ते सारखेच झिजायला हवेत.

सुरीची परीक्षा इथे फसवते. सुरी साधारण साडेपाच, काच पण साडेपाच, त्यामुळे सुरी काचेवर चालत नाही आणि आपण म्हणतो कठीण आहे. उलटं करा. पांढऱ्या गारेचा ताजा फुटलेला कोपरा घ्या आणि निळ्यावर मागच्या बाजूला जोर लावून ओढा. ओलं बोट फिरवून पुसा. पुसलं गेलं तर गारेची भुकटी, राहिलं तर ओरखडा.

प्रतिसाद

मी मालवणची. आमच्या इथे रापण ओढताना जाळ्यात असे तुकडे येतात, हिरवे आणि पांढरे जास्त, निळे क्वचित. माझ्या आजीच्या वेळी मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या बाटल्या अशाच गडद निळ्या असायच्या. काचेत कोबाल्ट अगदी थोडा घातला तरी असा रंग येतो. तू जो मिठाच्या थरासारखा पांढुरकेपणा लिहिलायस तो लाटांनी घासलेल्या काचेवर हमखास असतो. आणि ते अर्धचंद्र पण. काच कठीण गोट्यांबरोबर फिरवली की आपटून तसेच पडतात.

आत ठिपके म्हणतेस ते गोल आहेत का बघ. दहापट भिंग हवं. नीट गोल असतील, आणि कड काळी दिसत असेल, तर बुडबुडे.

प्रतिसाद

कॅव्हेन्साइट असेल का? पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत मिळतं ते, फार सुंदर निळं असतं.

प्रतिसाद

दादा, कॅव्हेन्साइट नाही टिकणार. त्याची कठीणता ३ ते ४, बारीक स्फटिकांची फुलं असतात ती, टंबलरमध्ये पहिल्या दोन दिवसांतच पीठ होईल. लाजवर्द म्हणावं तर तो आरपार नसतो आणि सहसा त्यात सोनेरी किंवा पांढरे ठिपके असतात. सोडालाइटची घनता २.३ च्या आसपास, ती पण जुळत नाही.

ताई, अजून एक सोपी गोष्ट करता येईल. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून फिरवत न्या, एका ठिकाणी स्क्रीन काळी पडेल. तिथे थांबा आणि दगड मधे धरा. कॅल्सेडनी असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेली दिसेल, कशीही फिरवा. काच असेल तर ती पण काळीच राहील. शेजारी अकिकाचा पातळ तुकडा धरा म्हणजे तुलना होईल.

धागा काढणारी

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस यातच होते, सविस्तर लिहिते.

गॉगल भावाचा घेतला, तो मासेमारीला जाताना घालतो तो. अकीक धरला तर खरंच उजळला, दुधात दिवा लावल्यासारखा. निळा धरला तर काही नाही. फिरवला, तिरका केला, पातळ कड पुढे केली, तरी काळाच. एका कोपऱ्यात अगदी पुसट करडं काहीतरी दिसलं, तेवढंच.

मग माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ०.०१ ग्रॅमचा काटा आहे तिथे गेले. तिने पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालायला लावला, म्हणजे दगडाला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. वजन १०.७९. पाण्यात तीन वेळा केलं, ४.३०, ४.३१, ४.३२. म्हणजे घनता अडीच. साध्या काचेची जेवढी असते तेवढीच, आणि अकिकाची २.६ च्या आसपास येते ती तिथेच माझ्या तुकड्याची पण करून बघितली, २.६० आली. घरच्या काट्यावर मी दोन्हींच्या मधे अडकले होते ते ०.१ च्या चुकीमुळे.

ठिपके तिथल्या मायक्रोस्कोपखाली बघितले. दोन्ही गोल. एकाला खालून छोटं शेपूट आहे, थेंब ओघळताना गोठावा तसं.

गारेचा ओरखडा मात्र घरी येऊन आईसमोर काढला. मला एकटीने करायचं नव्हतं, तिला सापडलेला होता. पडवीत बसून तिनेच गार हातात घेतली, मी निळा धरला, आणि तिने एकदाच ओढली. करकर आवाज आला. तिने पदराने पुसलं, मग थुंकी लावून परत पुसलं, आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. पांढरी रेघ तशीच होती. म्हणाली, "काच आहे मग." मी म्हटलं हो. तिने अंगठीचा विषय आपणहून सोडला, सोनाराला फोन पण तिनेच केला. भावासाठी शनिवारी मारुतीला तेल घालणार आहे, ते ती एरवीही घालतेच.

पण दगड टाकून देऊ नको म्हणाली. आणि लगेच दुसरा प्रश्न, "कसली काच गो ही? एवढी जाड बाटली कुठे असते?" ते मला पण पडलंय. सुरुवातीला १४ ग्रॅम होता, सगळ्यात जाड ठिकाणी दीड सेंटीमीटर तरी असेल, आणि कुठेच बाटलीसारखा बाक नव्हता. मालवणच्या ताई, तुम्हाला मिळतात ते एवढे जाड असतात का? बाटलीचा तळ एवढा जाड असू शकतो का?

आणि आता याचं पॉलिश कसं करू? आईला तो देव्हाऱ्याजवळच्या खिडकीत ठेवायचाय, सकाळचं ऊन तिथे येतं.

प्रतिसाद

तळ असू शकतो, जुन्या हाताने फुंकलेल्या बाटल्यांचे तळ कडेला चांगलेच जाड असायचे. माझ्याकडे एक हिरवा आहे तो सव्वा सेंटीमीटर आहे. पण दीड म्हणजे मी पाहिलेला नाही. बाटलीचं काचेचं बूच पण भरीव असतं, ते धरून बघ. फोटो आधीचा असेल तर टाक, धुण्याआधीचा.

प्रतिसाद

पॉलिशसाठी ताई, काच गोट्यांबरोबर अजिबात घालू नका. एकटी घाला आणि बॅरल दोन तृतीयांश भरेल एवढे प्लॅस्टिकचे दाणे टाका म्हणजे आपटणार नाही. ओरखडा आणि अर्धचंद्र जायला परत ५०० ग्रिटपासून सुरुवात करावी लागेल, ओरखडा खोल असेल तर २२० पासून. शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडऐवजी सिरियम ऑक्साइड वापरा, काचेला तेच चांगलं लागतं. मधे प्रत्येक वेळी बॅरल आणि दाणे नीट धुवा, आधीच्या ग्रिटचा एक कण राहिला तरी रेघा पडतात. चिखल मोरीत ओतू नका, पाइप बसतो.

धागा काढणारी

चिखल मी मागच्या वाडीत खड्ड्यात ओतते. सिरियम ऑक्साइड मागवलंय, तोपर्यंत ५०० वर लावते. धुण्याआधीचा फोटो नाहीये, पण आईला विचारलं तर ती म्हणाली एका अंगाला बोट बसेल एवढा खळगा होता. पहिल्या आठवड्यात तो झिजून गेला असणार, माझ्या वहीत त्याची नोंद नाही. पुढच्या अमावास्येला आम्ही दोघी परत त्याच खाचेपाशी जाणार आहोत, काही मिळालं तर इथेच लिहीन.